आईच्या आईचे गाव

बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे यहुदी, त्यांच्या आडनावात गाव असते, त्यामुळे आपली मुळे शोधणे आम्हाला फार सोपे जात असेल, अशी पुष्कळांची समजूत असते. किहीमचे किहीमकर, झिराडचे झिराडकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, नवगावचे नवगावकर अशी शंभराहून अधिक आडनावे आमच्यात आहेत, आणि रायगड जिल्ह्याचा नकाशा समोर पसरला तर आमचा जवळजवळ सगळा समाज त्यावर गावागणिक वाचता येतो. दर्यात गलबत फुटले, सात पुरुष आणि सात बायका नवगावच्या किनाऱ्याला लागल्या, त्यांच्यापासून आम्ही वाढलो, तेलाचे घाणे चालवले, शनिवारी घाणा बंद ठेवला म्हणून ‘शनवार तेली’ म्हणवले गेलो, ही कथा आमच्यातल्या प्रत्येक मुलाला पाठ असते. मलाही ती वडिलांनीच सांगितली.

परंतु आडनावातले हे गाव नेहमी वडिलांचे असते. मुलगी लग्न होऊन गेली की सासरचे गाव लावते, तिची मुलगी आणखी तिसरेच गाव लावते, आणि दोन पिढ्यांत पहिलीचे माहेर कागदावरून पुसले जाते. विवाहाच्या वेळी लिहिला जाणारा केतुबा, म्हणजे आमचा विवाहकरार, सिनेगॉगच्या, म्हणजे आमच्या प्रार्थनामंदिराच्या, नोंदवहीत जपलेला असतो. त्यातही वधूची ओळख ‘अमुकाची मुलगी’ अशी वडिलांच्या नावानेच असते. यहुदी धर्मशास्त्रानुसार मूल यहुदी ठरते ते आईमुळे. म्हणजे ज्या धाग्यावर सगळी ओळख उभी आहे, नेमका तोच धागा आमच्या कागदपत्रांत सापडत नाही. ही विसंगती मला बरीच वर्षे दिसलीच नव्हती, आणि ती दाखवून दिली ती कोकणापासून फार दूर राहणाऱ्या, कोकण कधी न पाहिलेल्या, हसिदी या कर्मठ यहुदी पंथातल्या एका कुटुंबाने.

मी ठाण्याची. १८७९ साली उभ्या राहिलेल्या शाआर हाशामाईम सिनेगॉगच्या अंगणात माझे लहानपण गेले. वडिलांच्या निधनानंतर त्यांच्या लोखंडी पेटीत मोडी लिपीतले काही कागद आणि एका पूर्वजाच्या लष्करी निवृत्तिवेतनाची पत्रे निघाली, आणि तिथून माझा शोध सुरू झाला. मुंबई इलाख्याच्या पलटणींत बेने इस्रायल शिपाई आणि देशी अधिकारी पुष्कळ होते, त्यामुळे पुरुषांची माहिती लष्करी कागदांत बऱ्यापैकी सापडते. मोडी वाचून देणारे एक सज्जन भेटले, सिनेगॉगच्या जुन्या वह्या पाहायला मिळाल्या, आणि वडिलांच्या बाजूची साखळी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत मागे नेता आली. त्या काळातले पूर्वज बायबलमधली नावे कोकणी वळणाने लावत. शमुवेलचा सामाजी, यहेज्केलचा हसाजी, अब्राहामचा आबाजी, इसहाकचा इसाजी आणि मोशेचा मुसाजी होई. ही नावे वाचताना मला मोठा आनंद होत असे, कारण त्यांत आमचा सगळा इतिहास एका दमात उच्चारता येतो. वडिलांचे घर सापडले, गाव सापडले, घाण्याची जागाही सापडली. शोध पूर्ण होत आला आहे, असे मी धरून चालले होते.

नोकरीच्या निमित्ताने काही वर्षे न्यूयॉर्कला राहावे लागले. ब्रुकलिनमधल्या क्राउन हाइट्स या भागाच्या कडेला माझे भाड्याचे घर होते, आणि शेजारी लुबाविच पंथाचे हसिदी कुटुंब राहत होते. हसिदी पंथ अठराव्या शतकात पूर्व युरोपात उदयाला आला. त्याचे प्रवर्तक बाआल शेम तोव आजच्या युक्रेनमधल्या मेझिबिझ गावी राहत आणि १७६० मध्ये वारले. विद्वत्तेइतकेच महत्त्व भक्तीला, आनंदाला आणि साध्या माणसाच्या मनापासूनच्या प्रार्थनेला आहे, ही त्यांची शिकवण. पुढे या पंथाच्या अनेक शाखा झाल्या आणि बहुतेक शाखा आपापल्या मूळ गावाच्या नावाने ओळखल्या जाऊ लागल्या. बेल्झ, विझ्नित्स, सातमार, लुबाविच ही सगळी गावांचीच नावे आहेत. आडनावात गाव बाळगणाऱ्या मला ही गोष्ट पहिल्या ऐकण्यातच ओळखीची वाटली होती. लुबाविच हे रशियातल्या स्मोलेन्स्क भागातले लहानसे गाव; पण त्या गावच्या परंपरेचे सहावे गुरू १९४० मध्ये युरोपातून सुटून न्यूयॉर्कला पोहोचले, आणि ईस्टर्न पार्कवेवरची ७७० क्रमांकाची विटांची इमारत हेच तेव्हापासून त्या परंपरेचे केंद्र झाले.

क्राउन हाइट्समध्ये मी मुंबईकडची आहे असे सांगितले की समोरच्या माणसाचा चेहरा क्षणभर बदलत असे. नोव्हेंबर २००८ मध्ये कुलाब्याच्या नरिमन हाऊसमध्ये जे घडले, ते त्या वस्तीत कुणाला सांगावे लागत नाही. गॅव्रिएल आणि रिव्का होल्ट्झबर्ग हे लुबाविच पंथाचे तरुण जोडपे तिथे मारले गेले, त्यांच्यासह सहा जणांचा त्या घरात जीव गेला, आणि त्यांच्या दोन वर्षांच्या मोशेला त्याच्या दाई सँड्रा सॅम्युएल यांनी उचलून बाहेर आणले. सँड्राबाईंचे नाव तिथल्या लहान मुलांनाही माहीत आहे. माझ्या शेजारणीने पहिल्याच भेटीत मला घरात बोलावले, ते बहुधा या मुंबईच्या नावामुळेच. नंतरचा स्नेह मात्र आमचा आम्ही जोडला.

ठाण्याला आई आजारी पडली तेव्हाची गोष्ट. मी काळजीत आहे हे शेजारणीच्या लक्षात आले आणि तिने विचारले, “आईचे नाव काय? आणि आईच्या आईचे?” आजारी माणसासाठी प्रार्थना करताना त्याचे नाव वडिलांच्या नव्हे तर आईच्या नावासह घ्यायचे, असा यहुदी रिवाज आहे. तो आमच्याकडेही आहे. मला आजीचे नाव अर्थातच ठाऊक होते. पण शेजारणीची सासू, जिला घरात सगळे ‘बबी’, म्हणजे आजी, म्हणत, तिने वहीत नाव लिहून घेतले आणि सहज विचारले, “आणि तिची आई? तिची आई कुठली?” त्या प्रश्नाने माझ्या मनात जे उमटले ते समजायला थोडे मागे जावे लागेल.

इस्रायलला गेलेल्या बेने इस्रायलांच्या मनात १९६२ हे साल अजून आहे. त्या वर्षी तिथल्या प्रमुख धर्मगुरूंच्या कार्यालयातून असा आदेश निघाला की बेने इस्रायल वधू-वरांच्या विवाहाची नोंद करण्यापूर्वी त्यांच्या आईची, आजीची आणि शक्य तितक्या मागच्या पिढ्यांची चौकशी करावी. दिमोना, लोद, अश्दोद अशा गावांत राहणाऱ्या, कोकण सोडून नव्या देशात कष्टाने उभ्या राहिलेल्या माणसांना आपली आजी खरोखर यहुदी होती का, हे सिद्ध करायला सांगितले गेले. १९६४ च्या उन्हाळ्यात आमच्या लोकांनी जेरुसलेममध्ये ठिय्या आंदोलन केले, आणि त्या ऑगस्टमध्ये इस्रायलच्या संसदेने बेने इस्रायल हे सर्वार्थाने यहुदी आहेत असे जाहीर केले. त्यानंतर तो आदेश मागे पडला. माझी एक मावशी त्या आंदोलनात बसली होती. “तुझी आजी कोण?” हा प्रश्न आमच्या घरात कधीच साधा प्रश्न राहिला नव्हता.

इथे आणखी एक गोष्ट सांगायला हवी, आणि ती आमच्यातले लोक सहसा बाहेर बोलत नाहीत. आईवरून माणसाला जोखण्याचे काम फक्त इस्रायलमधल्या धर्मगुरूंनी केले असे नाही. आमच्या समाजातच ‘गोरे’ आणि ‘काळे’ असा भेद पिढ्यान् पिढ्या चालत आला. बेने इस्रायल पुरुषाला परधर्मीय बाईपासून झालेली संतती ती काळी, असे मानले जाई. तिच्याशी सोयरीक होत नसे आणि सिनेगॉगमध्येही तिला मान मिळत नसे. हा भेद विसाव्या शतकात ओसरला. पण तो होता, आणि त्यात ज्या बायकांची नावे जाणूनबुजून विसरली गेली त्यांची मुले आपल्यातच आहेत, असे मला वाटते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात अठरा बेने इस्रायल व्यक्तींचे नमुने तपासले गेले. त्यातून निघालेला निष्कर्ष असा की आमच्यात मध्यपूर्वेतल्या यहुद्यांचा आणि भारतीयांचा असा दोन्हींचा वाटा मोठा आहे, हे मीलन साधारण १९ ते ३३ पिढ्यांपूर्वी झाले, आणि त्यात पुरुषांकडून यहुदी तर बायकांकडून स्थानिक वाटा अधिक आहे. ‘शक्य तितक्या मागे’ जायचे म्हटले तर वाट कोकणातल्या एखाद्या बाईच्या दारात जाऊन पोहोचते. या गोष्टीची मला लाज नाही, उलट अभिमान आहे. हिब्रू पुस्तके नव्हती, धर्मगुरू नव्हते, ‘शेमा इस्रायल’ या एका प्रार्थनेपलीकडे शब्द उरले नव्हते, तेव्हा शनिवारी चूल न पेटवणे आणि खवले व पर असलेलीच मासळी रांधणे हे ज्यांनी चालू ठेवले त्या घरातल्या बायकाच होत्या. आम्हाला पुन्हा धर्मशिक्षण देणाऱ्या दाविद राहाबीने आमची पारख केली ती बायकांपुढे मासे ठेवून, अशी आमची कथा आहे. खवले नसलेले मासे त्यांनी बाजूला काढले, आणि तेवढ्यावरून त्याची खात्री पटली.

बबीला मी हे सगळे सांगितले, अगदी १९६२ च्या आदेशासह. तिने मध्ये एक शब्दही बोलून मला थांबवले नाही. मग ती तिच्या घराबद्दल बोलू लागली.

तिच्या नवऱ्याचे घराणे नेवेलचे. हे रशियातले गाव लुबाविच हसिदांचे मोठे ठाणे होते. सोव्हिएत काळात तिथे धर्मशिक्षण चोरून चालत असे, आणि १९४१ मध्ये जर्मन सैन्य आल्यावर गावात उरलेले यहुदी मारले गेले. जे आधी पूर्वेकडे निघून गेले होते ते वाचले. युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये पोलंडच्या नागरिकांना सोव्हिएत देशातून मायदेशी परतायला मुभा मिळाली, तेव्हा अनेक लुबाविच कुटुंबे ल्वोव शहरात गोळा झाली आणि पोलिश नागरिकांच्या नावांचे कागद मिळवून आगगाडीने सीमेपार गेली. तिच्या सासऱ्यांचे कुटुंबही तसेच निघाले. कुणी कागदावर दुसऱ्याची बायको झाली, कुणी दुसऱ्याचे मूल झाले. तिथून जर्मनीतल्या निर्वासितांच्या छावणीत, मग पॅरिसला आणि शेवटी ब्रुकलिनला असा त्यांचा प्रवास झाला. “आमच्या घरातले जुने कागद सगळे आहेत,” ती म्हणाली, “आणि त्यांतले एकही नाव खरे नाही. आम्ही कोण आहोत हे आम्हाला कळते ते वर्षश्राद्धाच्या दिव्यांवरून. कोणत्या तारखेला कुणाच्या नावाने दिवा लावायचा, आणि ती कुणाची मुलगी होती, एवढे सासूने मला पाठ करून घेतले.” वर्षश्राद्ध हा शब्द अर्थात माझा, तिने त्यासाठी यिडिश या पूर्व युरोपातल्या यहुद्यांच्या भाषेतला आपला शब्द वापरला होता.

म्हणजे तिच्या लेखी आईचे, आजीचे, पणजीचे नाव विचारणे ही चौकशी नव्हतीच. नाव माहीत असेल तर त्या बाईसाठी दिवा लावता येतो आणि तिच्या नावाने प्रार्थना म्हणता येते, म्हणून नाव विचारायचे. तोच प्रश्न एखाद्या कार्यालयाने विचारला की माणूस आरोपीसारखा उभा राहतो, आणि स्वयंपाकघरातल्या म्हातारीने विचारला की घरातला होतो. मी तिला खरे ते सांगितले, की पणजीचे नाव मला माहीत आहे, पण ते हिब्रू नाही. आमच्याकडे पुरुषांना बायबलमधली नावे असत, तर बायकांना बहुधा शेजारपाजारच्या बायकांसारखी मराठी नावे ठेवत. माझ्या पणजीला एका नदीचे नाव होते. असे नाव प्रार्थनेत कसे चालेल, असे मला वाटत होते. बबीने आपल्या वहीतली नावे वाचून दाखवली. गोल्डा, रायझल, फेगा, शेना. सोने, गुलाब, पाखरू, सुंदर. सगळी साधी यिडिश नावे, बायबलमध्ये त्यांतले एकही नाही. ज्या नावाने तिला तिच्या आईने हाक मारली तेच तिचे नाव, असे म्हणून तिने माझ्या पणजीचे नाव, कोकणातल्या घराघरांत ऐकू येणारे ते नाव, हिब्रू अक्षरांत वहीत लिहिले. त्या दिवसापासून माझा शोध आईच्या बाजूने सुरू झाला.

या कुटुंबाशी माझे सगळे पटत होते असे नाही. त्यांच्या घरातल्या मुलींचे शिक्षण, लग्नाचे वय, बायकांनी केस झाकणे, पुरुषांनी परस्त्रीशी हस्तांदोलन न करणे, यांतल्या काही गोष्टी मला मान्य होत्या आणि काही मुळीच नव्हत्या, आणि ते मी लपवले नाही. त्यांनाही माझ्या गळ्यातले मंगळसूत्र पाहून नवल वाटे. पण स्वयंपाकघरात आमचे अंतर फार लवकर कमी झाले. मांस आणि दूध एकत्र करायचे नाही हा नियम तुमच्याकडे कसा पाळतात, असे शेजारणीने विचारले, तेव्हा आमच्या मटणाच्या रश्शात नारळाचे दूध असते, आणि वर्षारंभाच्या नव्याच्या सणाला करतो तो गव्हाच्या चिकाचा हलवाही नारळाच्या दुधातच होतो, असे मी सांगितले. ती हसली आणि म्हणाली की त्यांच्या धर्मग्रंथांत बदामाच्या दुधाबद्दल हीच चर्चा आहे: मांसाच्या ताटाशेजारी बदामाचे दूध ठेवले तर पाहणाऱ्याचा गैरसमज होऊ नये म्हणून जवळ चार बदामही ठेवावेत.

सणांची आमची जुनी नावे तिला फार आवडली. वर्षारंभाला आम्ही ‘नव्याचा सण’ म्हणतो, पुढे ‘खिरीचा सण’ येतो, योम किप्पूर हा प्रायश्चित्ताचा उपवासदिवस म्हणजे ‘दारफळणीचा सण’, त्याच्या दुसऱ्या दिवशी ‘शिळा सण’, आणि जेरुसलेमच्या मंदिराच्या नाशाचा शोकदिवस हा ‘बिरड्याचा सण’, कारण त्या दिवशी वालाच्या बिरड्यावर भागवायचे. दारफळणीच्या दिवशी पूर्वी आमचे लोक पांढरे कपडे घालून दार लावून आत बसत आणि बाहेरच्या कुणाला शिवत नसत. ग्रंथ नसताना, तारखा सांगणारे कुणी नसताना ही माणसे योम किप्पूर पाळत राहिली, हे ऐकून शेजारणीने पदराने पुसावेत तसे बाहीने डोळे पुसले. हनुक्का हा सण मात्र आम्हाला ठाऊक नव्हता. तो सुरू होण्यापूर्वीच पूर्वज निघाले असावेत, असा तर्क आमचे जुने लोक करीत.

तिच्या नवऱ्याशी माझे बोलणे कमी, आणि ते नेहमी जेवणाच्या टेबलावर सगळे बसलेले असताना होई. हिवाळ्याच्या तोंडाशी, यहुदी पंचांगातल्या किस्लेव महिन्याच्या १९ तारखेला लुबाविच हसिद मोठा उत्सव करतात. त्यांच्या परंपरेचे आद्य गुरू श्नेऊर झाल्मान यांना १७९८ मध्ये खोट्या आरोपांवरून सेंट पीटर्सबर्गला तुरुंगात टाकले होते आणि त्या दिवशी त्यांची सुटका झाली. त्यांचा ‘तान्या’ हा ग्रंथ त्याआधी दोन वर्षे, डिसेंबर १७९६ मध्ये स्लावुता गावी पहिल्यांदा छापला गेला होता. हे साल ऐकून मी चमकले, कारण आमच्या समाजात १७९६ हे साल सगळ्यांना पाठ असते. इंग्रजांच्या पलटणीतले सामाजी हसाजी दिवेकर म्हैसूरच्या युद्धात टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले. हे इस्रायल आहेत असे कळल्यावर टिपूच्या आईने मध्यस्थी केली आणि त्यांचा जीव वाचला, असे आमच्याकडे सांगतात. सुटलो तर सिनेगॉग बांधीन असा त्यांनी नवस केला होता, आणि तो फेडून त्यांनी मुंबईतले पहिले सिनेगॉग, शाआर हाराहामीम, उभारले ते १७९६ मध्ये. टेबलाभोवतीच्या मुलांनी ही गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायला लावली. टिपूच्या आईचा भाग आला की धाकटी मुलगी विचारी, “तिचे नाव काय होते?” तिला प्रार्थनेसाठी नाव हवे होते.

मी ठाण्याला परत आल्यावर काही काळाने शेजारीण आणि तिचा नवरा भारतात आले, आणि मी त्यांना अलिबागकडे घेऊन गेले. नवगावचे स्मारक पाहिले, किनाऱ्याला लागलेल्या प्रेतांच्या दफनाची म्हणून दाखवली जाणारी जागा पाहिली. अलिबागजवळच्याच खंडाळ्याला एलियाहू हानबीच्या खडकापाशी गेलो. संदेष्टा एलिया इथून स्वर्गात गेला, त्याच्या रथाच्या चाकाच्या आणि घोड्याच्या टापांच्या खुणा दगडावर उमटल्या, अशी आमची श्रद्धा आहे. नवस फेडायला लोक इथे येतात आणि मलिदा करतात. भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर, वेलची आणि सुका मेवा यांचा हा मलिदा ताटात मांडतात, वर फळे ठेवतात आणि एलियाचे स्तोत्र म्हणतात. शेजारणीचा नवरा खाण्याचे नियम काटेकोर पाळणारा, म्हणून त्याने फक्त फळे घेतली. झाडावरच्या फळाचा आशीर्वाद वेगळा आणि जमिनीतून येणाऱ्या फळाचा वेगळा. केळे हातात घेऊन त्याने जमिनीच्या फळाचा आशीर्वाद म्हटला, त्याच वेळी आमच्यातल्या एका वृद्ध काकांनीही तोच म्हटला, आणि दोघे एकमेकांकडे पाहून खूश झाले. मग त्याने बाआल शेम तोव यांच्या जन्माची कथा सांगितली: एलिया भिकाऱ्याच्या वेषात, शब्बाथ, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीचा नियम, मोडून, त्यांच्या वडिलांच्या दारी आला, वडिलांनी त्याला काहीही न बोलता जेवू घातले, आणि त्या आदरातिथ्याचे फळ म्हणून त्यांना मुलगा झाला. काकांनी ती कथा मराठीत ऐकून लगेच इतरांना सांगितली.

गावात एका घरी पाणी प्यायला थांबलो. तिथल्या आगरी आजींनी माझे आडनाव विचारले आणि हात करून म्हणाल्या, “तुमचा घाना व्हता त्या आंब्याखाली. माजी सासू तेल आनाया जायची.” शेजारणीच्या नवऱ्याला मी याचा अर्थ सांगितला तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. नेवेलमध्ये त्याच्या आजोबांचे घर कोणते होते हे सांगणारे त्याला कुणी भेटले नव्हते. आम्ही कोकण सोडले ते मुंबईच्या नोकऱ्यांसाठी आणि पुढे इस्रायलसाठी. कुणी हाकलले म्हणून नव्हे. आमच्या शेजाऱ्यांच्या आठवणीत आमचा घाणा अजून आहे. जगातल्या किती यहुदी घराण्यांना हे भाग्य लाभले असेल, याचा विचार मी त्यापूर्वी केला नव्हता.

पणजीच्या आईचा माग रोह्याच्या बाजूला लागला. पणजीच्या केतुब्यात तिच्या वडिलांचे नाव आणि गाव होते, तेवढ्याच आधारावर आम्ही त्या गावाबाहेरच्या दफनभूमीत गेलो. शेजारणीचा नवरा कोहेन, म्हणजे पुरोहितकुळातला. कोहेनाला कबरींजवळ जाता येत नाही. तो बाहेर रस्त्यावर उभा राहिला, आणि शेजारीण व मी आतल्या दगडांची छायाचित्रे काढून त्याच्या फोनवर पाठवू लागलो. हिब्रू मला वाचता येते, पण थडग्यांवरच्या लेखांत शब्द तोडून एकेक अक्षरावर आणलेले असतात आणि यहुदी कालगणनेतले सालही अक्षरांतच असते. त्यात पाच हजार गाळलेले असतात, उरलेल्या संख्येत १२४० मिळवले की इसवी सन हाती येते. तो भिंतीपलीकडून मोठ्याने वाचून सांगत होता. ऊन चढत होते, गवत कमरेएवढे होते, आणि पुष्कळ दगडांवर अक्षरेच नव्हती. एका दगडावरच्या मराठी ओळीत पणजीच्या वडिलांचे नाव आणि पुढे ‘ची बायको’ एवढे स्पष्ट होते. तिचे स्वतःचे नाव जिथे असायचे तिथे दगडाचा पापुद्रा निघाला होता. हिब्रू ओळ मात्र शाबूत होती. त्याने वाचले: शेवात महिना, ६५७. म्हणजे जानेवारी १८९७.

मुंबईत प्लेग सुरू झाला तो १८९६ च्या पावसाळ्याअखेर, आणि त्या हिवाळ्यात लाखो माणसे शहर सोडून पळाली, त्यांतली पुष्कळ कोकणात. ती कशाने गेली हे दगडावर लिहिलेले नाही. पण महिना पाहता प्लेगचा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. माझी पणजी तेव्हा जेमतेम दीड-दोन वर्षांची असणार. ‘आई आठवत नाही’ एवढेच ती आपल्या मुलींना सांगत असे, असे आई म्हणते, आणि त्या एका वाक्यावर आमच्या घरातली ती साखळी तुटली होती. शेजारीण दगडापाशी बसून स्तोत्र म्हणू लागली. नाव नसताना दिवा कसा लावायचा, असे मी तिला विचारले. तारीख आहे ना, मग लाव, असे ती म्हणाली; आणि तिने जाण्यापूर्वी जमिनीवरचा एक खडा उचलून दगडावर ठेवला.

आई आता बरी आहे. तिने पणजीच्या बाजूच्या सगळ्या बायकांची आठवतील ती नावे, माहेरे आणि कुणाला कुठे दिले हे एका वहीत लिहायला घेतले आहे, आणि त्यात तिला माझ्याहून जास्त रस आहे. इस्रायलमधल्या मावशीने दिमोनाहून तिच्याजवळची माहिती पाठवली, तिने मोठ्या अक्षरांत लिहिलेल्या पत्रात दोन नावे अशी निघाली जी आईला ठाऊक नव्हती. ब्रुकलिनच्या वहीत शेवातची ती तारीख चढली आहे. शेजारणीच्या मुली आता नेवेलच्या बाजूच्या पणज्यांची नावे शोधताहेत, कारण बबीला सगळी आठवत नाहीत आणि तिचे वय झाले आहे. रोह्याकडच्या त्या गावात पणजीच्या मामांचे घर होते असे आईला अंधुक आठवते. मामा सापडले तर त्यांच्या बहिणीचे नावही कुठेतरी असेल. मोडी वाचून देणारे गृहस्थ यायला तयार आहेत. पावसाळ्यात त्या दफनभूमीत पाऊल ठेवता येत नाही, म्हणून नव्याचा सण उरकला, गवत वाळले की पुन्हा जायचे ठरले आहे.